जावा २५० : इंजिन परत फ्रेममध्ये, आणि मग दोन्ही सायलेन्सर

कृष्णाकाठ

मंडळी, माझ्या १९६८ च्या जावा मोटरसायकलचं (सिलिंडर एकच, पण एक्झॉस्टची तोंडं आणि सायलेन्सर दोन) काम एकदाचं जोडणीपर्यंत आलं. फ्रेम, टाकी, मडगार्ड रंगवून आले, चाकं तयार आहेत, वायरिंग नवीन ओढलंय. इंजिन पूर्ण खोललं होतं. क्रँकला नवा कनेक्टिंग रॉड, बेअरिंगं आणि ऑइल सीलं सगळी नवी, बोअर (सिलिंडरचं भोक) पहिल्या ओव्हरसाइजला, म्हणजे एक माप मोठा. पिस्टन लेथवाल्याच्या हातात देऊनच बोअर करून घेतला, नुसता आकडा सांगून नाही. बेंड पाइप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचे वाकडे पाइप) दोन्ही जुनेच आहेत. ते सरळ करून, आतला कार्बन काढून, क्रोम करून आणले. सायलेन्सर मात्र कुजले होते, त्यामुळे नवीन घेतले.

आता राहिलंय ते इंजिन फ्रेममध्ये चढवणं आणि एक्झॉस्ट जोडणं. खोलताना हा भाग सर्वांत सोपा वाटतो, जोडताना सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. पार्ट शोधत फिरताना मी जावाचे जुने ब्लॉक (सिलिंडर) बरेच बघितले. बोअर चांगला, फिन्स शाबूत, आणि एक्झॉस्टच्या तोंडाचे आटे मात्र खाल्लेले. काहींचं तर तोंडच तडकलेलं. बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, तोंड आपोआप तडकत नाही. पाइप वाकडा बसतो, सायलेन्सरचं भोक फ्रेमच्या ब्रॅकेटशी जुळत नाही, मग कोणीतरी पाइप ओढून धरतो, दुसरा बोल्ट आवळतो, आणि तो सगळा ताण कायमचा त्या बीडाच्या तोंडावर जाऊन बसतो. त्यात एका सिलिंडरच्या गाडीचे हादरे. पाच-दहा हजार किलोमीटर चालतं, मग एक दिवस आवाज बदलतो.

म्हणून या वेळी नियम एकच ठेवलाय : काहीही ओढून बसवायचं नाही. जे बसवायचं ते हाताने, सैल, आपल्या जागी जाऊन बसलं पाहिजे. सगळं बसलं की मगच पाना लावायचा.

डोक्यात असलेला क्रम असा. इंजिन चढवायच्या आधी फ्रेमच्या खालच्या नळ्यांवर जुनी सायकल ट्यूब चिरून गुंडाळायची, म्हणजे रंग वाचेल. फाउंडेशन बोल्ट (इंजिन फ्रेमला धरणारे) आधी नुसते ओवायचे, नट दोन आटे. चेन, चेनरबर, क्लचची केबल, कार्ब्युरेटर. मग एक्झॉस्ट दोन्ही बाजूंनी सैल जोडायचा. आणि शेवटी इंजिनापासून मागे मागे आवळत जायचं.

ज्यांनी हे केलंय त्यांनी क्रमात काही चुकत असेल तर सांगा. विशेषतः एक्झॉस्टच्या मोठ्या गोल नटांबद्दल.

चौथा गिअर

मस्त काम. एक प्रश्न. पूर्ण इंजिन चढवणार की ब्लॉक-हेड काढून फक्त खालचा भाग? माझ्या ओळखीचे मेकॅनिक नेहमी खालचा भाग आधी बसवतात. वजन निम्मं होतं, एकट्याने जमतं, आणि फ्रेमला ओरखडे पडत नाहीत. वर पिस्टन-ब्लॉक नंतर.

उद्यमनगर

चौथा गिअर, तुमचे मेकॅनिक म्हणतात ते फोरस्ट्रोकला ठीक. जावासारख्या टू-स्ट्रोकला मी तसं करू देणार नाही, कारण टू-स्ट्रोकचं इंजिन टेबलावर असतानाच हवा भरून तपासायचं असतं, आणि त्यासाठी ते पूर्ण जोडलेलं लागतं.

कृष्णाकाठ, हे वाचूनच पुढे जा. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा खालचा बंद डबा, हाच पंप. पिस्टन वर जाताना कार्ब्युरेटरमधून मिश्रण क्रँककेसमध्ये ओढतो, खाली येताना तेच दाबून ट्रान्सफर पोर्टमधून (सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटांतून) वर ढकलतो. त्या पंपाला कुठेही फट असली की सगळं बिघडतं. जावात दोन जागा खास. उजवीकडे डायनॅमोमागचं सील गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि नवीन बोअरमध्ये जाम होतो. डावीकडचं, म्हणजे क्लचच्या बाजूचं सील गळत असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल क्रँककेसमध्ये ओढलं जातं. मग सायलेन्सरमधून पांढरा-निळा धूर थांबत नाही, प्लग ओला होतो, आणि मालक वर्षभर कार्ब्युरेटर सेट करत बसतो.

तपासायला महागडं काही लागत नाही. डॉक्टरांकडचं जुनं घड्याळवालं बीपीचं मशीन मिळवा. त्याचा रबरी फुगा आणि घड्याळ एवढंच हवं, दंडाला गुंडाळायचा पट्टा काढून टाका. दोन्ही एक्झॉस्टच्या तोंडात जाड रबराची चकती ठेवा, वर पत्र्याची चकती, आणि एक्झॉस्टचाच गोल नट फिरवून बंद करा. इनटेकच्या फ्लँजवर (कार्ब्युरेटर बसतो त्या जागी) ॲल्युमिनियमची पट्टी, खाली रबर, पट्टीला भोक पाडून त्यात बीपी मशीनची नळी. प्लग घट्ट लावा. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे पोर्ट उघडे राहतील आणि वरचं-खालचं सगळं एक होईल. आता हळूहळू हवा भरा. घड्याळाचा काटा ३०० ला नेला की झाले जवळजवळ पावणेसहा पीएसआय. याहून जास्त नको, सील उलटतं.

काटा पाच मिनिटं जवळपास जागेवर राहिला तर इंजिन फ्रेममध्ये न्या. सरसर उतरला तर साबणाचं पाणी ब्रशने लावत फिरा : क्रँककेसचा जोड, ब्लॉकच्या खालचं पॅकिंग, हेड, डायनॅमोमागची जागा. डावं सील बाहेरून दिसत नाही. त्यासाठी गिअरबॉक्सचं ऑइल भरायचं झाकण उघडा आणि त्या भोकावर साबणाचा पडदा धरा. पडदा फुगायला लागला तर हवा डाव्या सीलमधूनच येते आहे.

मी तीस वर्षांहून जास्त काळ कोल्हापुरात लेथवर काढली. बोअरिंग करून दिलेलं इंजिन "पुन्हा जाम झालं" म्हणून परत यायचं, तेव्हा बहुतेक वेळा बोअरचा दोष नसायचा, हवा कुठून तरी आत जात असायची.

सह्याद्रीवेडा

बीपी मशीनची युक्ती लाखमोलाची आहे. वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

मैत्रेयी नाशिक

उद्यमनगर काकांच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन. माझी भर तीन गोष्टींची, माझ्या येझदीवर (जावाच्याच घराण्यातली मोटरसायकल) काम करताना लक्षात आलेल्या.

फ्रेमला पावडर कोटिंग केलंय का? केलं असेल तर इंजिन चढवायच्या आधीच अर्थिंगचा विचार करा. पावडर कोट विजेला अडवतो, साध्या रंगापेक्षा कितीतरी जास्त. फाउंडेशन बोल्टच्या भोकांतही कोटिंग गेलेलं असतं. इंजिन बसतं, सगळं छान दिसतं, आणि मग दिवे मंद, हॉर्न क्षीण, स्पार्क कधी आहे कधी नाही. एका फाउंडेशन बोल्टच्या दोन्ही बाजूंचा बसायचा भाग घासून धातू उघडा करा आणि वर थोडं ग्रीस लावा. शिवाय इंजिनापासून बॅटरीच्या अर्थपर्यंत स्वतंत्र जाड वायर टाका. सहा व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट वाटेत गेला तरी तो ठळक दिसतो.

दुसरं, चेन. जावाची चेन पूर्ण झाकलेली असते : मागे पत्र्याचं चेन कव्हर आणि इंजिनापर्यंत वर-खाली दोन रबरी नळ्या. ही रबरं चेन जोडायच्या आधी ओवावी लागतात. नंतर आठवलं तर चेन परत काढण्याशिवाय इलाज नाही. खोलताना जुनी चेन जागेवर असेल तर नवीन चेन तिच्या टोकाला जोडून ओढून घेता येते, पण सगळं सुटं असेल तर आधी बारीक तार ओवा, तारेला चेन बांधा. चेनलॉकच्या पिनेचं बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला.

तिसरं, बफिंग. इंजिनचे कव्हर चकचकीत करायला पाठवताना क्रँककेसही पाठवलं असेल तर इंजिन नंबर नीट वाचता येतो का ते आत्ताच बघा. बफिंगच्या चाकावर नंबर पुसट झाला की आरटीओत पुनर्नोंदणीच्या वेळी फार त्रास होतो. तपासणीला नंबर ठशासारखा उमटवून घेतात. तुमची गाडी पन्नास वर्षांपुढची आहे. २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेज नोंदणी करायचा विचार असेल तर मूळ रूप जपलेलं असणं ही अटच आहे. आफ्टरमार्केट (मूळ कंपनीचे नसलेले) सायलेन्सर कसे दिसतात याकडेही म्हणूनच लक्ष द्या.

कृष्णाकाठ

काका, ताई, मनापासून आभार.

बीपीचं मशीन गल्लीतल्या दवाखान्यातून मिळालं. डॉक्टरांना कशासाठी ते सांगितलं तर तेही बघायला आले. पहिल्या वेळी काटा ३०० वरून अर्ध्या मिनिटात १०० च्या खाली आला. बाहेरून साबण लावून कुठेही बुडबुडा नाही. मग ऑइलच्या झाकणाच्या भोकावर पडदा धरला आणि तो सावकाश फुगत वर आला, अगदी काकांनी लिहिलं तसा. क्लच, प्रायमरी चेन सगळं काढलं. नव्या सीलची आतली कड एका जागी दुमडून बसली होती, नखाएवढी जागा. शाफ्टच्या चावीच्या खाचेवरून सरकताना कड तिथे अडकते. दुसरं सील बसवताना खाचेवर प्लास्टिकची पातळ पट्टी गुंडाळली, कडेला ग्रीस लावलं, आणि सील सरळ दाबत नेलं. आता काटा पाच मिनिटांत जेमतेम एक रेघ उतरतो.

हे इंजिन फ्रेममध्ये गेल्यावर कळलं असतं तर? विचारही करवत नाही.

नंबर स्पष्ट आहे. फ्रेमला पावडर कोट नाही, साधा रंग आहे, तरी बोल्टची जागा घासली आणि वेगळी अर्थ वायर टाकली.

इंजिन चढवताना भावाने डावीकडून धरलं, मी उजवीकडून. फ्रेम लाकडी ठोकळ्यांवर, मागे-पुढे हलणार नाही अशी. पहिला बोल्ट पुढचा ओवला, मग इंजिन त्याच्यावर थोडं फिरवून मागची भोकं जुळवली. मागचा एक बोल्ट अर्ध्यावर अडत होता. हातोडी मारायचा मोह झाला, पण बोल्ट काढून बघितलं तर फ्रेमच्या भोकात रंगाचा थर होता. गोल कानशीने तेवढाच काढला आणि बोल्ट दोन बोटांनी आत गेला. एका बाजूला ब्रॅकेट आणि क्रँककेस यांच्यात फट राहत होती, तिथे मापाचा वॉशर टाकला. तो टाकला नसता तर नट आवळताना ॲल्युमिनियमचा कान वाकला असता.

आता गाडी खरंच गाडीसारखी दिसायला लागलीय. उद्यापासून एक्झॉस्ट.

उद्यमनगर

वॉशर टाकलात ते उत्तम केलंत. क्रँककेसचे कान तुटायचं ते मोठं कारण. लोक फट नटाने मिटवतात.

आता एक्झॉस्टचे नट. पाइप बाजूला ठेवा. पॅकिंगही नको. नुसता नट ब्लॉकच्या तोंडावर हाताने फिरवून बघा. शेवटपर्यंत हाताने गेला पाहिजे. मध्येच अडला तर आट्यांत जुना कार्बन आहे किंवा आटा दबलेला आहे. वायर ब्रश, रॉकेल, आणि त्रिकोणी बारीक कानस घेऊन बसा. घाई नको. हे आटे गेले तर ब्लॉकवर वेल्डिंग करून पुन्हा आटे पाडणं हे फार थोड्या लोकांना जमतं, कारण बीडाला गरम करून, हळू गार करावं लागतं. नाहीतर शेजारीच चीर जाते.

नट साफ फिरला की आट्यांवर तांब्याचं ग्रीस थोडंसं. मग आतली रिंग. जुन्या रिंगा तांबं आणि ॲस्बेस्टॉसच्या असायच्या. त्या निघाल्या असतील तर कोरड्या खरवडू नका, ती धूळ फुप्फुसाला घातक. ओल्या करून काढा आणि पिशवीत बंद करून टाका. नवीन घेताना ग्रॅफाइटवाली किंवा नुसत्या तांब्याची घ्या. तांब्याची रिंग लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकली की मऊ होते आणि नीट दबते.

आणि नट फक्त हूक पान्याने (नटाच्या खाचेत अडकणाऱ्या आकडीच्या पान्याने). जुन्या नटांच्या खाचा बघितल्यात ना, सगळ्या छिन्नीने चेचलेल्या? छिन्नी-हातोडीचा प्रत्येक ठोका त्या बीडाच्या तोंडावर बसत असतो. जावाच्या मूळ टूलकिटमध्ये हूक पाना असायचा, तो त्याचसाठी.

कृष्णाकाठ

काका, नट दोन्ही हाताने शेवटपर्यंत जातात. डाव्या बाजूचा सायलेन्सर सुरेख बसला. बेंड पाइप आत, नट तीन आटे, सायलेन्सर पाइपवर सरकवला, मागचा बोल्ट आपोआप भोकात गेला.

उजवीकडे मात्र अडचण. सायलेन्सरच्या पट्टीचं भोक फ्रेमच्या भोकापेक्षा बोटभर खाली आणि थोडं बाहेर येतंय. दाबून वर धरला तर बोल्ट जातो, पण सोडला की सगळं स्प्रिंगसारखं खाली यायला बघतं. आणि ब्रेकच्या पेडलला पाइप जवळजवळ टेकतोय. दुकानदाराला फोटो पाठवले, तो म्हणतो सगळ्यांचे असेच येतात, वर ओढून आवळा. तेच मला करायचं नाहीये.

मैत्रेयी नाशिक

अजिबात ओढू नका. आधी दोष पाइपात आहे की सायलेन्सरमध्ये, हे वेगळं करून बघा. उजव्या बाजूला डाव्याचा सायलेन्सर तात्पुरता लावा. नळी सारखीच असते, पट्टी फक्त उलट्या बाजूला येईल. त्याची नळी फ्रेमला समांतर दिसली तर पाइप बरोबर आहे आणि उजव्या सायलेन्सरची पट्टी चुकीच्या जागी वेल्ड झालीय. तीही खालीच झुकली तर पाइप.

बहुधा पाइपच असेल. "सरळ करून" आणलेत म्हणालात. क्रोमच्या आधी ठोके काढताना बाक एखाद्या अंशाने उघडतो. पाइपच्या सुरुवातीला एक अंशाचा फरक पडला तर मीटरभर मागे तो पावणेदोन सेंटिमीटर होतो, म्हणजे तुमचं ते बोटभरच.

पण क्रोम झालेला पाइप पुन्हा तापवू नका. नट पूर्ण सैल करून पाइप स्वतःभोवती थोडा फिरवून बघा. कॉलर गोल असल्याने तो फिरतो, आणि बऱ्याचदा खाली-बाहेर असलेला फरक फिरवण्यानेच अर्धा मिटतो. उरलेल्यासाठी फ्रेमच्या ब्रॅकेटपासून सायलेन्सरपर्यंत जोडपट्टी करून घ्या. पाच मिलिमीटर जाड पट्टी, दोन भोकं, त्यातलं एक लांबट. रंगवून टाकली की बाहेरून कळतही नाही. फरकाला पट्टीने जुळवून घ्यायचं, पाइपाने नाही.

चौथा गिअर

एक मूलभूत शंका, धाग्याशी जोडूनच. बाजारात बॅफल (आवाज दाबणारा सायलेन्सरचा आतला भाग) नसलेले सायलेन्सर मिळतात, आवाज भारी येतो. काही जण म्हणतात मूळ बॅफल काढल्याने इंजिन मोकळं होतं, ताकद वाढते. मग एक्झॉस्ट इतक्या काळजीने मूळसारखाच बसवायचं कारण फक्त दिसणं आणि पोलिसांचा दंड एवढंच का?

मैत्रेयी नाशिक

नाही, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जावासारख्या टू-स्ट्रोकमध्ये फोरस्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. पिस्टनच पोर्ट उघडतो आणि बंद करतो. ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये येत असतं तेव्हा एक्झॉस्टचं पोर्टही उघडंच असतं. मग ताजं पेट्रोल धुराबरोबर सरळ बाहेर का जात नाही? काही प्रमाणात जातंच. ते किती जाईल हे पाइपातल्या दाबाच्या लाटा ठरवतात. पोर्ट उघडलं की दाबाची एक लाट पाइपात शिरते. पाइप रुंद होतो तिथून उलट, ओढणारी लाट परत येते, ती सिलिंडर रिकामं करायला मदत करते. पाइप अरुंद होतो किंवा अडथळा येतो तिथून ढकलणारी लाट परत येते, ती बाहेर निघालेलं ताजं मिश्रण पुन्हा आत सारते. झोपाळ्याला ज्या क्षणी धक्का द्यावा लागतो तसाच इथेही क्षण महत्त्वाचा.

आकडे मांडून बघू. गरम धुरात ध्वनी साधारण सेकंदाला ५०० मीटर जातो. इंजिन ४५०० आरपीएमवर (मिनिटाला ४५०० फेरे) असेल तर एक फेरा सुमारे १३.३ मिलिसेकंदांचा. पोर्ट फेऱ्यातले १५० अंश उघडं राहतं असं धरलं तर साडेपाच मिलिसेकंद. तेवढ्या वेळात लाट पावणेतीन मीटर जाते, म्हणजे जाऊन-येऊन साधारण १.४ मीटरच्या पाइपात. जावाचा बेंड पाइप अधिक सायलेन्सर मोजून बघा, लांबी कुठल्या घरात आहे ते. बॅफल, शेपटीची लांबी, तोंडाचा व्यास, हे सगळं त्या हिशेबात बसवलेलं आहे.

हे शास्त्र पूर्णत्वाला नेलं पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी, १९५० च्या दशकात. त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये स्वीडनच्या शर्यतीनंतर पळून पश्चिमेत गेला, पुढे ते तंत्र घेऊन सुझुकीला जाऊन मिळाला, आणि १९६२ ची ५० सीसीची जागतिक स्पर्धा सुझुकीवर जिंकला. एका पाइपाच्या आकाराची किंमत तेवढी होती. जावाचा सायलेन्सर शर्यतीच्या एक्स्पान्शन चेंबरसारखा (मध्ये फुगीर पाइपासारखा) नाही, तो शांतपणासाठी आणि खालच्या वेगातल्या ओढीसाठी आहे. बॅफल काढलं की नेमकी तीच ओढ जाते. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये गाडी मरगळते, आणि मालकाला वाटतं इंजिन थकलं. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असं कानाला वाटतं, चाकाला नाही.

म्हणून सांधा गळका असेल तरी हेच होतं. नटाजवळची फट म्हणजे लाटेला अर्ध्या वाटेत दार.

दूरदेशी

मी प्राग जवळ राहतो, मूळचा सोलापूरचा. इथे या मॉडेलच्या जावा अजून रस्त्यावर दिसतात, रविवारी गावोगावी मेळावे असतात. यानेचेक यांनी १९२९ मध्ये वांडरर या जर्मन कंपनीचा परवाना घेऊन ही कंपनी काढली, दोन्ही नावांची सुरुवात मिळून जावा झालं. भारतात जावा बनवणारी म्हैसूरची आयडियल जावा १९६१ ला सुरू झाली, १९९६ ला बंद पडली, पण इथले छोटे कारखाने एक्झॉस्टचे नट, रिंगा, चेनरबरं अजून बनवतात. म्हैसूरच्या सुरुवातीच्या गाड्यांना बरेचसे भाग जसेच्या तसे बसतात. आटे मात्र मागवण्याआधी मापून घ्या.

इथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकांकडून शिकलेली एक सवय सांगतो. सायलेन्सर बसवून झाला की मागे चार पावलं जाऊन, गुडघ्यावर बसून दोन्ही शेपट्या एका रेषेत आहेत का बघतात. सेंट्रल स्टँडवर गाडी असताना एकदा, आणि स्टँड काढून कोणी वर बसलेलं असताना एकदा. वजन आल्यावर स्टँडचा पाय किंवा मागचं चाक सायलेन्सरला लागतं का ते तेव्हाच कळतं.

कृष्णाकाठ

ताईंनी सांगितल्याप्रमाणे केलं. पाइपच होता. फिरवल्यावर ब्रेक पेडलपासून बोटभर अंतर मिळालं आणि बाहेरचा फरक पूर्ण गेला. खालचा थोडा उरला, त्याला लांबट भोकाची पट्टी करून घेतली. आता उजवा बोल्टही दोन बोटांनी जातो.

आवळण्याचा क्रम ठेवला तो असा : आधी दोन्ही एक्झॉस्ट नट आलटून पालटून, मग फाउंडेशन बोल्ट (तोपर्यंत मुद्दाम थोडे सैल ठेवले होते, म्हणजे इंजिनालाही बसायला जागा मिळावी), मग सायलेन्सरचे क्लँप, शेवटी मागचे बोल्ट. त्यानंतर नटांवरून पुन्हा एकदा हात.

सुरू करायच्या आधी तीन शंका. पहिल्यांदा पेट्रोलमध्ये ऑइल किती? नवीन क्रोम निळं पडू नये म्हणून काय करावं? आणि सायलेन्सर नवीन असले तरी जुन्या बॅफलचं काय करू, ते मूळ आहेत, टाकवत नाहीत.

उद्यमनगर

ऑइल : सुरुवातीला विसाला एक. पाच लिटरला २५० मिली. चांगलं टू-टी ऑइल घ्या. आता पंपावर बहुतेक ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं, ते पाणी ओढून घेतं, म्हणून टाकीत महिनोन्महिने ठेवू नका. गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालवा. रनिंग-इन (नवं इंजिन हलक्या हाताने चालवून रुळवणं) संपलं की पंचवीसाला एक.

क्रोम : सुरू करायच्या आधी पाइप स्पिरिटने पुसा. बोटांचे तेलकट ठसे तापून कायमचे उमटतात. पण पाइप खरा निळा पडतो तो जास्त तापल्याने. त्याला कारण मिश्रण पातळ असणं, टायमिंग (स्पार्कची वेळ) उशिरा असणं किंवा कुठून तरी हवा आत जाणं. पॉइंटची (स्पार्क पाडणाऱ्या कॉन्टॅक्टची) फट ०.४ मिमी आधी सेट करा, मग टायमिंग डायल गेजने (पिस्टनची जागा मोजणाऱ्या घड्याळाने) प्लगच्या भोकातून, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. उलट केलंत तर फट बदलली की टायमिंगही बदलतं.

बॅफल : मूळ आहेत तर तेच वापरा. कॉस्टिक सोडा पाण्यात घालून त्यात रात्रभर बुडवा. आधी पाणी, मग सोडा, थोडा थोडा. सोड्यावर पाणी ओतायचं नाही, उसळतं. हातमोजे आणि चष्मा हवाच. ॲल्युमिनियम त्या भांड्यात चुकूनही जाऊ देऊ नका, विरघळून जाईल. सकाळी कार्बन चिखलासारखा निघतो. स्वच्छ धुवा, वाळवा, तेलाचा हात फिरवा.

पहिल्यांदा सुरू करताना समोर मोठा पंखा लावा. हवेवर थंड होणारं इंजिन जागेवर उभं असताना त्याला हवाच नसते. दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, पूर्ण गार होऊ द्या. हात लावून थंड वाटलं की पुन्हा. असं काही वेळा झालं की हूक पाना घ्या.

कृष्णाकाठ

सुरू झाली!

धूर सुरुवातीला खूप, जोडताना लावलेलं ऑइल जळत होतं. मग विरत गेला. पंखा समोर होता. पहिल्या फेरीनंतर गार झाल्यावर दोन्ही नट बघितले : डावा जागेवर होता, उजवा जवळजवळ पाव फेरा गेला. पुढच्या वेळी उजव्या नटाखाली काळा तेलकट थेंब दिसला, कागदाची पट्टी धरली तर फडफडत होती. नट आणखी आवळायच्या ऐवजी सगळं सैल केलं, पाइप बाहेर काढला. रिंगेवर एका बाजूलाच दाब आल्याची खूण होती, अर्धा भाग चकचकीत आणि अर्धा जसाच्या तसा. म्हणजे पाइप अजून किंचित तिरका आत जात होता. मागच्या जोडपट्टीच्या लांबट भोकात बोल्ट जरासा पुढे घेतला, रिंग नवीन तांब्याची तापवून घातली. आता कागद हलत नाही.

प्लग काढून बघितला, रंग बदामी. दोन्ही शेपट्यांतून धूर सारखाच येतो आहे. रनिंग-इन मिरज रोडला सुरू करतोय, वरच्या गिअरमध्ये इंजिनवर जोर न देता आणि एकाच वेगात फार वेळ न राहता.

चौथा गिअर

अभिनंदन! रिंगेवरची ती खूण वाचून दोष शोधणं हे मी पहिल्यांदाच ऐकलं. माझ्याकडच्या गाडीची उजवी बाजू वर्षभर गळतेय, दर वेळी नटच आवळला जातो. या रविवारी काढून बघतो.

उद्यमनगर

चौथा गिअर, काढायच्या आधी मागचा बोल्ट आणि क्लँप आधी सोडा, नट शेवटी. बोल्ट सुटताच सायलेन्सर ज्या दिशेला उडी मारेल, ताण त्याच दिशेने आहे. ती दिशा खडूने फ्रेमवर लिहून ठेवा, जोडपट्टी करताना उपयोगी पडेल.

कृष्णाकाठ, ५०० किलोमीटर झाले की हेडचे नट, फाउंडेशन बोल्ट आणि एक्झॉस्टचे नट गार इंजिनावर एकदा तपासा. गिअरबॉक्सचं ऑइलही तेव्हाच बदला आणि किती निघालं ते मोजा. भरलं होतं त्याहून कमी निघालं, आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर डावं सील पुन्हा बघायचं.